वाळूवरचं वाटप

“दोराक हात लावलंस तर वाटो घेवचो लागतलो, बाय,” बाबल तांडेल मला म्हणाले. “मगे नको म्हणता येवचा नाय.”

तोवर मी दोर धरलेला होता. ओला, खरखरीत दोर. माझं काम खरं तर बाजूला बसून बांगड्यांची लांबी मोजायचं. मी फलटणची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि मासळीच्या वाढीवरच्या एका प्रकल्पासाठी किनाऱ्यावरच्या निवतळ गावात येऊन राहिले होते. पण त्या सकाळी ओढायला माणसं कमी होती आणि नुसतं उभं राहायची मला लाज वाटली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. त्याच्या दोराचं एक टोक वाळूवर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून माणसं ओढत राहतात. जाळ्यात जे येईल ते ओढणाऱ्या सगळ्यांचं. तांडेल, म्हणजे रापणीचा प्रमुख, वाळूवर ढीग घालतो आणि एकदा वाटा दिला की तो परत मागायचा नाही. निवतळमध्ये याची चर्चासुद्धा कोणी करत नसे.

बाबल तांडेल साठीचे, सडपातळ, फारसं न बोलणारे. मी त्यांच्याच घरी राहत होते. त्यांना मी काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला, अनसूयाला, काकी.

जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा बांगड्यांच्या चकाकीत एक काळी गोणी दिसली. आतून जाड प्लास्टिकचं अस्तर, तोंड शिवलेलं. सुरीने शिवण उसवली तर आत विटेएवढ्या वड्या, प्रत्येक चिकटपट्टीत घट्ट गुंडाळलेली. एक फुटलेली होती. काळपट, चिकट, उग्र वासाची. होड्या दुरुस्त करणाऱ्या फटू मेस्ताने ती बोटांनी मळून पाहिली, नाकाशी नेली, दाताने एक तुकडा तोडून चघळला आणि निकाल दिला, ही राळ आहे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल चढवतात. कुठल्यातरी जहाजावरून पडली असणार. कोणालाच शंका आली नाही. समुद्राने त्यांना आजवर दोर, पिंपं, एकदा तर अख्खा फ्रीज आणून दिला होता.

मी मात्र गोणी उलटी केली. तरंगणाऱ्या वस्तूला समुद्रात चिकटशिंपले धरतात, आणि ते केवढे वाढलेत त्यावरून ती वस्तू किती दिवस पाण्यात होती याचा अंदाज येतो. मी ती बाहेरून पाहिली, आतून झाडली, प्रत्येक शिवण चाचपली. एकही शिंपला नाही, शेवाळाचा बुळबुळीतपणासुद्धा नाही.

बाबलकाकांनी ढीग घातले. प्रत्येक ढिगावर बांगडे आणि एक वडी. तांडेलाचा ढीग शेवटचा. तिथवर येईतो वड्या संपल्या होत्या. ते आपले बांगडे टोपलीत भरून निघाले. वडी मला मिळाली होती. ती मी त्यांना देऊ केली तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप पिशवीत टाकली.

दहाच्या सुमारास फटू मेस्ताची बायको तक्रार घेऊन आली. राळ तेलात उकळतेय पण घट्ट होत नाही, आणि नवरा अर्धवट बांधलेल्या होडीत बसून एकटाच हसतोय. काय झालं विचारलं तर म्हणतो, होडी चालली. काकी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. चघळून हसू येईल अशी राळ मला माहीत नव्हती.

माशांची अंडी पाहायला माझ्याकडे एक छोटा सूक्ष्मदर्शक होता. वडीचा टाचणीच्या टोकाएवढा कण काचेवर पसरला. त्यात केस दिसले, वाघनखासारखे बाकदार, बुडाशी फुगीर. पदवीच्या वर्गात हे चित्र आमच्याकडून काढून घेतलेलं. भांगेच्या पानावरच्या केसांच्या बुडाशी चुनखडीचा कण असतो, आम्लाचा थेंब टाकला की त्यातून बुडबुडे निघतात. शिंपल्यांसाठी ठेवलेलं आम्ल मी त्यावर सोडलं. बुडबुडे निघाले. फटू तसा पूर्ण चुकला नव्हता. चरस म्हणजे राळच, फक्त वेगळ्या झाडाची.

बाबलकाका पडवीत जाळं सांधत होते. मी त्यांना सांगितलं. हेही सांगितलं, की गोणी पाण्यात फार तर एखाददोन दिवस असेल. ती लांबून वाहत आलेली नाही, इथेच जवळपास कोणीतरी टाकली किंवा सांडली आहे. त्यांनी सुई खाली ठेवली. मग म्हणाले, परवा खडकांच्या पलीकडे एक होडी उभी होती. दिवा नव्हता, नंबर नव्हता, आपल्या भागातली बांधणी नव्हती.

मी विचारलं, मग पोलिसांना फोन का केला नाही?

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. तीन वर्षांपूर्वी अशीच एक होडी दिसली तेव्हा त्यांनी फोन केला होता. पोलीस आले ते दुसऱ्या दिवशी, रस्त्याने. गस्तीच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं होतं. आलेल्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि मग काकांच्याच होडीचे कागद मागितले. परकी होडी आहे हे तुला कसं कळलं? तू तिथे काय करत होतास? आणखी कोण होतं? अख्खा हंगाम ते तालुक्याला खेपा घालत राहिले. त्या होडीचा शोध कोणी घेतला की नाही हे त्यांना कधी कळलं नाही. पण निवतळमध्ये सगळ्यांना एवढं कळलं, की समुद्रात काही दिसलं तर आपण पाहिलं नाही असं म्हणावं.

“आत्ता फोन केलंय तर पयलो प्रश्न काय इचारतले?” ते म्हणाले. “वाटला कोणी? मी वाटलंय. घरोघरी.”

मी पुस्तकातलं बोलले, की लोकांना माहीत नव्हतं, त्यांचा हेतू नव्हता.

“तांच तर,” ते म्हणाले. “म्हायत नाय तंवसर ती राळ. म्हायत झाल्यावर जेच्या घरात गावली तो गुन्हेगार. तू कोणाक सांगू नको.”

दुपारी दोघे अनोळखी आले. पांढरी गाडी, इस्त्रीचे शर्ट, एकाच्या हातात मोठा फोन. रापणीच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या उघड्या छपरात, बसून त्यांनी सगळ्यांना थंड पेय दिलं. आमच्या कंपनीची राळ जहाजावरून पडली, म्हणाले. कोणाला मिळाली असेल तर चांगला भाव देऊ, संध्याकाळी पैसे घेऊन येतो. भाव ऐकून मांगरातले सगळे एकमेकांकडे बघू लागले. राळेला तेवढा भाव जगात कुठे नसेल. पण भावाबद्दल कोण तक्रार करतो?

बाबलकाका खांबाला टेकून उभे होते. फोनवाला त्यांच्याजवळ आला. मी शेजारीच होते. त्याने वड्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. खाडीच्या मुखात भरतीला किती पाणी असतं, मोठी होडी आत येते का, चौकीवर रात्री माणूस असतो की नुसता दिवा लावून जातात, हे विचारलं. हसत, गप्पा माराव्या तसं. आणि फोन उंचावून खाडीचा फोटो काढला.

काकांनी त्याला सांगितलं, पाणी घोट्याएवढं असतं आणि चौकीत चार माणसं असतात. दोन्ही खोटं. चौकीत एक हवालदार होता आणि तो त्या दिवशी मुलीच्या बारशाला गेला होता.

गाडी गेल्यावर ते समुद्राकडे वळले.

“पुडीसाठी नाय इले ते,” ते म्हणाले. “किनारो बघूक इले. आज तेंचे पैसे घेतले तर उद्या ते हय काय उतरवतले, बाय? तेवा आमका नाय म्हणूक तोंड ऱ्हवात?”

मी म्हटलं, मग वड्या संध्याकाळच्या आत घराघरांतून बाहेर यायला हव्यात, आणि त्या काय आहेत हे कोणाला न सांगता. पण दिलेला वाटा तर तुम्ही परत मागू शकत नाही.

ते म्हणाले, “नाय.” आणि वाळूवर गेले.

तिथे उभं राहून त्यांनी कुकारो घातला. रापणीला माणसं बोलवायची ती लांब हाक. अशा वेळी ती कधी ऐकू येत नसे, त्यामुळे सकाळी ओढायला होते ते सगळे आले, बायका आल्या, फटू मेस्तसुद्धा डोळे चोळत आला. बाबलकाका म्हणाले, सकाळचं वाटप चुकलं. गोणीत आणखी दोन वड्या होत्या. त्या मी सगळ्यांच्या आधी काढून लपवल्या.

माझ्या शेजारी काकी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला, आणि तो त्यांनी किती घट्ट धरलाय हे त्यांनाही कळत नसावं. मी हळूच विचारलं की आता काय. त्या पुटपुटल्या, की तांडेलाने वाटप चुकल्याचं कबूल केलं तर सगळे वाटे वाळूवर परत येतात आणि दुसरा माणूस नव्याने वाटतो. आणि चुकलेला? तो परत कधी वाटत नाही. काकींच्या सासऱ्यांच्या वेळी असं एकदा झालं होतं. तो माणूस पुढे गावच सोडून गेला.

“दोन पुड्यांसाठी?” जिवाजी खोबरेकर म्हणाला. तो रापणीतला सगळ्यात तिखट तोंडाचा. “मेल्या बाबल, चोरूची होती तर इसवण चोरूचो होतस. राळ खातस काय?”

इसवण म्हणजे सुरमई, सगळ्यात महागडी मासळी. एकदोघे हसले, पण ते हसणं लगेच विरलं.

“ते दोन खंय असत?” कोणीतरी विचारलं.

“खाडीत टाकलंय. भियान.”

मी तोंड उघडलं. गोणी मी स्वतः उलटी केली होती. तिच्यात काही उरलं नव्हतं. शिवाय तांडेलाच्या ढिगावर वडीच नव्हती. बाबलकाकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

पहिला जिवाजीच गेला. वडी आणून त्याने वाळूवर टाकली, आदळलीच म्हणा. मग एकेक जण. फटू तेलाची कढई तशीच घेऊन आला. मी माझी आणली. कोणी काकांकडे बघत नव्हतं. ढीग पूर्ण झाल्यावर जिवाजी नव्याने वाटायला पुढे झाला, तेव्हा काका म्हणाले, हे आता वाटायचं नाही, याचा मालक वेगळा आहे, मी पोलिसांना फोन करतोय. माझ्याच नावाने करतोय. जिवाजी मागे सरला. वाद घालेल असं मला वाटलं होतं.

फौजदार हिरेमठ सोलापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. समुद्राकडे ते अजून जरा संशयाने बघत. पण हुशार होते. काकांनी दोन पाहुण्यांबद्दल सांगितल्यावर त्यांनी जीप माडांच्या मागे लावली आणि शिपायांना मांगरात जाळ्यांआड बसवलं. संध्याकाळी पांढरी गाडी आली. एक पळाला, फोनवाला सापडला. त्याच्या फोनमध्ये निवतळच्या खाडीसारख्या बऱ्याच खाड्या होत्या. प्रत्येकीत कुठे किती पाणी आणि चौकी कधी रिकामी असते, ते खाली लिहिलेलं. वड्यांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता.

तरी बाबलकाकांना त्यांनी नेलंच.

तिसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेले. हिरेमठांनी मला बसवलं, चहा मागवला.

“तुमचे काका अवघड माणूस आहेत,” ते म्हणाले. “राळ समजून वाटली असती, तर मी समजू शकतो. पण अख्खं गाव सांगतंय की त्यांनी दोन वड्या आधीच लपवल्या. राळेच्या वड्या कोण लपवतं? म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि त्या दोन कुठे गेल्या, हे ते धड सांगत नाहीत. मी दोन दिवस खाडीत माणसं उतरवतोय.”

“त्या नाहीतच,” मी म्हणाले.

“नाहीत म्हणजे?”

मी सांगणारच होते. पण आधी काकांना भेटू द्या म्हटलं.

ते बाकावर ताठ बसले होते. जणू कोणीतरी येणार आहे आणि त्याला जागा ठेवलीय. मी म्हटलं, मी साहेबांना खरं सांगते, नाहीतर तुम्ही सुटत नाही. ते पटकन म्हणाले, “नको.”

मग सावकाश, शब्द जुळवत, त्यांनी मला समजावलं. चोर ठरलो तर माझं तांडेलपण जातं, तेवढंच. उद्या दुसरा वाटेल. पण वाळूवर उभा राहून तांडेल खोटं बोलला असं गावाला कळलं, तर पुढे जो वाटेल त्याचाही शब्द कोणी मानणार नाही. आमच्याकडे कागद नाही. वाळूवरचा शब्द आहे म्हणून चाळीस माणसं एक दोर ओढतात.

“चोर चलात,” ते म्हणाले. “खोटो नको.”

मी परत हिरेमठांकडे गेले. त्यांना विचारलं, की मी जबाब दिला तर तो गावात कोणी वाचेल का? ते म्हणाले, जबाब वकील वाचतील, न्यायाधीश वाचतील. किनाऱ्यावर कोणी वाचायला बसणार नाही. मग मी सगळं सांगितलं. गोणी, शिंपले, शिवणी, काचेवरचा कण, शेवटचा ढीग. प्रत्येक गोष्ट मी स्वतः पाहिली होती तेवढीच. ते लिहिता लिहिता थांबले.

“म्हणजे हा माणूस चोरी न करता चोर झाला. का?”

मी म्हटलं, वड्या परत मिळवायचा त्यांच्याकडे तेवढा एकच रस्ता होता.

हिरेमठांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, तरी ते तिकडे पाहत होते. म्हणाले, आधीचा तो तीन वर्षांपूर्वीचा फोन, त्याचे कागद मी काल वाचले. आम्ही याच माणसाला सात महिने बोलावलं. खाडीतली माणसं त्यांनी त्याच दुपारी वर काढली.

काका सुटायला आणखी आठवडा गेला. त्यांना मी आणि काकी एसटीने घेऊन आलो. हिरेमठांनी निघताना त्यांच्या हातात आपला स्वतःचा नंबर दिला आणि म्हणाले, आता फोन आला तर मी आधी समुद्राकडे बघेन. काकांनी मान हलवली. ती होकाराची की नुसती, ते कळलं नाही. पण पुढच्या हंगामात निवतळहून फोन जाऊ लागले होते, हे मला नंतर हिरेमठांकडून कळलं. ते फोन कोणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गावात कोणी काकांचं स्वागत केलं नाही, कोणी टोमणाही मारला नाही. दुसऱ्या सकाळी रापण लागली. जिवाजी तांडेल झाला होता. काका दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला उभे राहिले, ओढलं, जो ढीग समोर आला तो उचलला आणि घरी आले. आल्यावर मागच्या दारी हात धूत बसले, बराच वेळ.

मला ते बघवेना. माझा प्रकल्प संपत आला होता, सामान बांधायचं होतं. चुलीपाशी काकी बांगडे साफ करत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, काकी, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी काकांनी चोरी केली नव्हती.

काकींनी सुरी थांबवली नाही.

“ठावक असा,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या बायको म्हणून म्हणतायत. म्हटलं, नाही, मी स्वतः गोणी पाहिली होती. त्या म्हणाल्या, तू पाहिलीस तशी बाकीच्यांनी नाही का पाहिली? तू ती उलटी करून झाडत होतीस तेव्हा सगळी माणसं तुझ्याकडे बघून हसत होती.

मग मी विचारलं, की वडी कसली आहे हे तरी गावाला कुठे माहीत होतं?

“जत्रेत गोसावी येतत,” त्या म्हणाल्या. “तेंच्या चिलमीचो वास हय कोणाक ठावक नाय? भाव ऐकल्यार तर पोरांकासुदिक कळला.”

“मग विकायचं ठरलं होतं?”

“बऱ्याच जणांचा.” त्यांनी एक बांगडा पालथा केला. “पैसे कोणाक नको? आमच्या वाट्याक नव्हती, नायतर माझापण मन झाला असता.”

“मग परत का आणून दिल्या सगळ्यांनी?”

काकींनी हात पुसले. मागच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तो सगळ्यांच्या समोर चोर म्हणान उभो ऱ्हवलो, गो. मगे ती पुडी घरात ठेवची कशी?”

बाहेर पाण्याचा आवाज थांबला. काका उठले असावेत.

“पण तेका सांगू नको हां,” काकी घाईने म्हणाल्या. “तेका वाटता, आमी फसलंव.”